मध्येच थांबणारा वायपर: मोटर बदलण्याआधी

जुन्या गाडीचा वायपर कायमचा बंद पडला तर दोष सापडायला वेळ लागत नाही. छळतो तो कधी चालणारा, कधी काचेच्या मधोमध उभा राहणारा आणि गॅरेजात नेला की शहाण्यासारखा चालणारा. अशा गाडीला 'मोटर गेलीय' हे उत्तर पटकन मिळतं. मोटर बदलली जाते, थोडे दिवस बरे जातात आणि ताम्हिणी घाटाच्या वाटेवर पुन्हा तेच. पंधरा-वीस वर्षांच्या मारुती, सँट्रो, इंडिका, बोलेरोत मोटर हा शेवटचा संशयित धरावा, असं माझं मत आहे. आधी स्विच, अर्थ (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जोड), वायपरला जागेवर आणून थांबवणारा पार्क कॉन्टॅक्ट आणि मोटरची गती वायपरपर्यंत नेणारं लिंकेज तपासायचं. यातलं कोण दोषी आहे हे हातात पाना न घेताही बरंचसं कळतं. वायपर कुठे थांबला आणि थांबल्यावर स्टिअरिंगजवळची वायपरच्या स्विचची दांडी फिरवली की काय करतो, एवढं नीट पाहायचं.

त्यासाठी आत काय चालतं ते थोडं माहीत हवं. वायपरच्या मोटरमध्ये तीन कार्बन (फिरणाऱ्या भागाला वीज देणारे ब्रश) असतात: एक अर्थचा, एक मंद वेगाचा, एक जलद वेगाचा. जलद वेगाचा कार्बन अर्थच्या कार्बनच्या बरोबर समोर नसून जरा बाजूला बसवलेला असतो. त्यामुळे आर्मेचरचे, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या गाभ्याचे, कमी वेढे परिणामकारक राहतात आणि मोटर जास्त वेगाने फिरते. मोटरच्या गिअरबॉक्समध्ये, गिअरच्या चाकाला लागून, पार्क कॉन्टॅक्ट असतो. आपण दांडी 'ऑफ' केली तरी वायपर लगेच थांबत नाही. पार्क कॉन्टॅक्टमधून वीज येत राहते, ती स्विचच्या 'ऑफ' जागेतून मंद कार्बनला मिळते आणि वायपर खाली जागेवर येईपर्यंत मोटर फिरते. जागेवर आला की तोच कॉन्टॅक्ट पलटतो आणि मोटरची दोन्ही टोकं अर्थला जोडतो. मोटरला ब्रेक लागतो, वायपर जिथल्या तिथे थांबतो.

इंटरमिटंटवरही, म्हणजे थांबून थांबून चालण्याच्या जागेवरही, बहुतेक जुन्या गाड्यांत हाच पार्क कॉन्टॅक्ट राबतो. रिले, म्हणजे वेळ मोजून वीज जोडणारा स्विच, फक्त एक छोटा धक्का देतो, वायपरला पार्कच्या जागेवरून हलवण्यापुरता. उरलेली फेरी पार्क कॉन्टॅक्ट पूर्ण करतो. हे लक्षात ठेवा, कारण निम्मे रिले इथेच फुकट बदलले जातात.

आता वायपर मंद वेगावर काचेच्या मध्यावर थांबला आहे असं समजा. गाडी बाजूला घ्या, चावी चालू राहू द्या आणि दांडी 'ऑफ' करा. वायपर आपणहून खाली जागेवर गेला, तर मोटर, मंद कार्बन, अर्थ, फ्यूज, पार्क कॉन्टॅक्ट सगळं ठीक आहे. दोष स्विचमधल्या मंद वेगाच्या कॉन्टॅक्टमध्ये. तो खाली गेला नाही तर दांडी जलद वेगावर न्या. जलद वेगावर चालला पण मंद वेगावर नाही आणि पार्कही होत नाही, तर मंद कार्बन संपत आला आहे किंवा मोटरच्या कपलरमधली (वायरी जोडायच्या प्लगमधली) त्याची पिन सैल आहे. कारण पार्क होण्याची वीजही त्याच कार्बनमधून जाते. तिन्ही जागांवर मेलेला असेल तर फ्यूज, अर्थ, चावीचा स्विच किंवा तापून थांबलेली मोटर. मोटरचा आवाज येतोय पण ब्लेड हलत नाही, तर विजेचा संबंधच नाही. लिंकेज सुटलंय, ब्लेड धरणाऱ्या आर्मचा नट सैल आहे किंवा गिअरबॉक्सचे प्लास्टिकचे दाते गेलेत. एकच ब्लेड हलत असेल तर गिअरबॉक्सवरचा संशयही काढून टाका.

दांडी 'ऑफ' केल्यावर जिथे असेल तिथेच थांबणारा वायपर हे पार्क कॉन्टॅक्टचं किंवा त्याला येणाऱ्या पॉझिटिव्ह वायरचं काम. जागेवर येतो पण थांबत नाही, पुढे जातो, पुन्हा येतो, असं असेल तर ब्रेकची बाजू, म्हणजे पलटल्यावर अर्थ देणारा कॉन्टॅक्ट, घाण झालेला असतो. इंटरमिटंटवर वायपर दोन-चार इंच सरकून थांबतो आणि पुढच्या 'टिक'ला अजून दोन-चार इंच सरकतो, हा नमुना दिसला की रिले निर्दोष समजा. त्याने धक्का दिलाय. पुढची फेरी पार्क कॉन्टॅक्टने पूर्ण करायची होती, ती झाली नाही. मंद आणि जलद वेगांवर मात्र हा वायपर एकदम छान चालतो, म्हणून सगळ्यांचा संशय रिलेवर जातो.

पुण्यात हा दोष आधी का जाणवतो तेही सांगतो. शहरातला पाऊस बराचसा भुरभुर, त्यामुळे जूनपासून दांडी इंटरमिटंटवरच असते. दर चार-पाच सेकंदांनी पार्क कॉन्टॅक्ट जुळतो, तुटतो, बारीक ठिणगी पडते. घाटात सलग चालणाऱ्या वायपरला ही झीज फारशी नाही, त्याचा त्रास वेगळा.

तापून थांबणारा

तो वेगळा त्रास असा: वायपर सुरुवातीला बरा चालतो, दहा-पंधरा मिनिटांनी रेंगाळतो, मग थांबतो. पाच-सात मिनिटांनी पुन्हा जिवंत. बऱ्याच मोटरच्या आत एक द्विधातूची पट्टी असते. मोटर फार तापली की ती वीज तोडते, थंड झाली की जोडते. मोटर स्वतःला वाचवत असते आणि आपण तिलाच दोष देतो. तापायचं कारण जवळजवळ नेहमी बाहेर असतं: आर्म ज्या दांड्यावर बसतो तो स्पिंडल गंजून जड झालेला.

स्पिंडल गंजतो कारण काचेखालच्या काळ्या प्लास्टिकच्या जाळीखाली पाणी साचतं. प्रभात रोड, मॉडेल कॉलनी, कोरेगाव पार्क अशा झाडांच्या भागात उभ्या राहणाऱ्या गाड्यांची ही जाळी उघडून पाहा. गुलमोहराची आणि वर्षावृक्षाची बारीक पानं जाळीतून आत जातात, कुजून काळी माती होतात आणि दोन्ही कडांची निचऱ्याची भोकं बुजवतात. पाणी स्पिंडलच्या बुडाशी आणि मोटरच्या कपलरपाशी तुंबतं. मेमध्ये सुकतं, गंज घट्ट बसतो, मृगाच्या पहिल्या पावसात वायपर कण्हतो.

जडपणा तपासायला लिंकेज मोटरपासून सोडवायचं. मोटरच्या शाफ्टवरचा क्रँक (लिंकेजला फिरवणारी छोटी पट्टी) नटाने बसलेला असतो. तो काढण्याआधी शाफ्ट आणि क्रँक दोघांवर मिळून मार्करने एक रेघ ओढा. ही रेघ विसरलात तर नंतर पार्कची जागा शोधताना सगळी दुपार जाईल. मग लिंकेज हाताने हलवा. दोन बोटांनी सहज हललं पाहिजे. मनगटाचा जोर लागत असेल तर मोटर बदलून काही होणार नाही. नवी मोटरही दोन पावसाळ्यांत भाजेल. अँपियर मोजायचे असतील तर फ्यूजच्या जागी मल्टिमीटर १० अँपियरच्या रेंजवर लावा. ओल्या काचेवर मंद वेगाला साधारण ३ ते ५ अँपियर दिसतात, लिंकेज सोडवलेल्या मोटरला दोन-अडीचच्या आसपास. ओल्या काचेवर सातच्या वर आकडा गेला तर लिंकेज जड आहे. कोरड्या काचेवर ही मोजणी करू नका, आकडा फसवा येतो आणि काचेवर ओरखडे पडतात ते वेगळेच.

लिंकेज बाहेर काढायचं काम अवघड नाही, पण घाई चालत नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. लिंकेजमध्ये हात असताना कुणी चावी फिरवली तर बोटं जातील, इतका जोर त्या मोटरमध्ये असतो. आर्मची टोपी उचकटा, आतला नट बहुतेक गाड्यांत १२ किंवा १४ चा. नट निघाला तरी आर्म निघत नाही, कारण तो निमुळत्या दातेरी दांड्यावर घट्ट बसलेला असतो. स्क्रू-ड्रायव्हरने काचेच्या कडेवर टेकू देऊन उचकटलात तर काच तडकेल. बॅटरीचं टर्मिनल काढायचा छोटा पुलर मिळतो, तो वापरा, किंवा आर्म अर्धा उचलून डावीकडे-उजवीकडे हळू हलवत राहा. काचेवर जाड टॉवेल अंथरून ठेवा. ब्लेड नसलेला आर्म स्प्रिंगने सुटून काचेवर आपटला की काच गेलीच. जाळीच्या क्लिपा या वयात कडक झालेल्या असतात, दोन-चार तुटणारच. म्हणून सात-आठ क्लिपा आधी आणून ठेवा आणि हे काम थंड सकाळी न करता उन्हात गाडी तापल्यावर करा, प्लास्टिक जरा लवचीक होतं.

लिंकेज आणि मोटरची पट्टी सहसा १० च्या बोल्टांवर असते. बाहेर आल्यावर स्पिंडलवरची सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) आणि वॉशर काढून स्पिंडल खाली ओढा. निघत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. हातोडा मारायचाच असेल तर वरच्या आट्यांवर जुना नट चढवून, त्यावर लाकूड ठेवून मारा, नाहीतर आटे बसतील. निघाल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने स्पिंडल गुळगुळीत करा, नळीत केरोसीनचं फडकं फिरवा, वाळवा, लिथियम ग्रीस भरून बसवा. नुसता स्प्रे मारून गाडी दिली जाते तिथेच घोळ होतो. तो स्प्रे गंज सोडवतो, पण वंगण म्हणून फार दिवस टिकत नाही. वरच्या टोकाला रबराची टोपी किंवा ओ-रिंग असते, ती फाटली असेल तर बदला, पाणी तिथूनच शिरतं.

लिंकेजच्या गोळी-वाटीच्या सांध्यांत नायलॉनचे बुश (झीज सोसणारे वाटीतले अस्तर) असतात. बसवायच्या आधीच ते तपासा. गाडीवर असताना ओळखायची खूण: आर्मचं टोक धरून काचेला समांतर हलवा, दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त लटपटत असेल तर बुश गेले. असा वायपर जलद वेगावर काचेच्या कडेच्या खांबावर आपटतो आणि एखाद्या जोराच्या सरीत सांधा सुटतो. रस्त्यात सुटला तर प्लास्टिकच्या केबल टायने सांधा आवळून घरापर्यंत येता येतं. सुटे बुश पुण्याच्या नाना पेठेत काही गाड्यांचे मिळतात, काहींचं पूर्ण लिंकेजच घ्यावं लागतं. टर्नरकडून नायलॉनचा बुश करून घेणं हाही रास्त मार्ग आहे, फक्त मापासाठी जुना तुकडा जपून न्या.

अर्थ आणि वायरिंग

इथे एक सापळा आहे. मोटरचा कपलर काढून मल्टिमीटर लावला आणि १२ व्होल्ट दिसले की 'वीज येतेय, म्हणजे मोटर खराब' असा निष्कर्ष निघतो. एक तार सोडून बाकी सगळ्या तुटलेली वायरही मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही. मोजायचं ते मोटर चालू असताना. इंजिन चालू, काच ओली, वायपर मंद वेगावर, मीटर २० व्होल्ट डीसीवर. आधी बॅटरीवर १३.८ ते १४.४ आहेत का बघा. मग काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन मोटरच्या अर्थच्या वायरला, कपलर न काढता मागून टाचणी घालून. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थ खराब. मग लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळी मंद वेगाच्या वायरला. इथे अर्ध्या व्होल्टच्या आसपास जुन्या गाडीत क्षम्य आहे, एक व्होल्टच्या वर गेलं तर फ्यूज बॉक्स, चावीचा स्विच आणि दांडी या क्रमाने मागे मागे मोजत जा. मोजताना वायपर नेमका नीट चालत असेल तर आकडेही नीटच येतील. म्हणून मोजत असताना वायरचा गुच्छ, कपलर, दांडी हलवत राहा आणि आकडा कुठे उडी मारतो ते बघा. काही गाड्यांत वायपरचा स्विच अर्थच्या बाजूला असतो, त्यांचा वायरिंगचा नकाशा पाहूनच हात घाला.

मीटर नसेल तर इंडिकेटरच्या २१ वॉटच्या बल्बला दोन वायरी जोडा आणि तो मोटरच्या जागी कपलरला लावा. तो जवळपास पावणेदोन अँपियर ओढतो, त्यामुळे सैल जोड लगेच उघडा पडतो: बल्ब मिणमिणतो.

अर्थ का बिघडतो? सगळ्यात जास्त आढळणारं कारण डेंटिंग-पेंटिंग. पुढचा भाग रंगवताना अर्थचा बोल्ट रंगाखाली जातो, पुन्हा बसवताना रंगावरच आवळला जातो. रंग खरवडून उघडा पत्रा, स्वच्छ रिंग, बोल्ट घट्ट आणि वरून पेट्रोलियम जेली, झालं काम. दुसरं कारण उंदीर-घुशी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेटखाली कुरतडलेली वायर इन्शुलेशन टेपने गुंडाळून चालवली जाते आणि पावसात तोच जोड हिरवा पडतो. तिथे सोल्डर आणि वरून हीट-श्रिंकची नळी हवी.

फ्यूज उडाला नसला तरी काढून पाहा. पाय काळे पडलेले, खाच ढिली झालेली, किंवा आतली तार केसाएवढी तडकलेली असते. गरम झाली की तुटते, थंड झाली की जुळते. बदलताना तेवढ्याच अँपियरचा: १५ चा निळा, २० चा पिवळा. वारंवार उडतो म्हणून ३० चा हिरवा घालणं म्हणजे वायरिंग जाळायची तयारी. वायपर मंदावतो तेव्हा ब्लोअरही मंदावत असेल, किंवा चावी जराशी हलवली की दोन्ही सावरत असतील, तर वायपरकडे बघूच नका, चावीच्या मागचा स्विच जळलाय.

रिलेबद्दल थोडंसं. इंटरमिटंटच्या रिलेत कपॅसिटर भरण्या-रिकामा होण्यावर वेळ ठरते. ही कल्पना अमेरिकेतल्या रॉबर्ट कर्न्स यांनी १९६० च्या दशकात पेटंट केली आणि फोर्डशी दीर्घ कोर्टबाजी करून १९९० मध्ये ज्युरीचा कौल मिळवला. त्यांच्या डोक्यात डोळ्याची उघडझाप होती म्हणतात. इंजिनच्या उष्णतेजवळ वर्षानुवर्षं राहून इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतो आणि मग थांबण्याचा वेळ बदलतो, कधी दोन सेकंद, कधी बारा. पिनांच्या बुडाशी सोल्डरला गोल तडाही जातो. भिंग घेऊन पाहिलं तर अंगठीसारखी रेघ दिसते. तडा असेल तर जुनं सोल्डर काढून नवं लावा. कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा किंवा वरचा, १०५ अंशाचा, पुण्याच्या तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळतो. हॉर्नचा साधा रिले काढून इथे घालून बघायची युक्ती चालत नाही, कारण हा साधा रिले नाही, टायमर आहे. काही गाड्यांत तर तो वेगळा नसतोच, दांडीच्या स्विचमध्येच असतो.

दांडीचा स्विच: कव्हर काढून फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनर, पंचवीस-तीसदा फिरवणं, बहुतेक वेळा पुरतं. पूर्ण उघडायचा असेल तर पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा, आत बारीक स्प्रिंग आणि छर्रे असतात, एकदा उडाले की सापडत नाहीत. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर हे काम घरी नको.

सगळं तपासून झाल्यावर मोटरच राहिली तर आधी ती थांबलेली असताना, दांडी चालू ठेवून, तिच्या पाठीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकं ठोका. ठोकल्यावर चालली तर कार्बन. कार्बन होल्डरबाहेर तीन-चार मिलिमीटरच उरला असेल किंवा स्प्रिंग ढिली असेल तर रिवाइंडिंगवाल्याकडे कार्बन बदलून मिळतात. आर्मेचरचा कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) त्याच वेळी बारीक पेपरने साफ करून घ्या, पट्ट्यांमधली कार्बनची भुकटी टोकदार काडीने काढायला सांगा. गिअरबॉक्सचं झाकण उघडलंच आहे तर पार्क कॉन्टॅक्टच्या पितळी पट्ट्या आणि तबकडी कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा, पट्ट्या किंचित वाकवून दाब वाढवा आणि वाळलेलं ग्रीस कॉन्टॅक्टवर पसरू देऊ नका. इंटरमिटंटवर इंचाइंचाने सरकणाऱ्या वायपरचा इलाज एवढाच असतो.

जोडताना क्रम महत्त्वाचा. आर्म न बसवता बॅटरी जोडा, मंद वेगावर दोन फेऱ्या फिरू द्या, 'ऑफ' करा, मोटर पार्कला थांबू द्या. मगच आर्म बसवा, ब्लेड काचेच्या खालच्या काळ्या पट्टीला समांतर. नट साधारण २० न्यूटन-मीटर, म्हणजे छोट्या पान्याने घट्ट, पाइप लावून नाही. पाणी मारून दोन्ही वेगांवर वीस मिनिटं चालवा; तापून थांबणारा दोष पाच मिनिटांच्या चाचणीत दिसत नाही.

जुनी मोटर नाना पेठेतून किंवा भंगारातून घेताना फक्त गाडीचं नाव सांगून घेऊ नका. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत कपलर आणि पार्कची जागा बदललेली असू शकते. आपली मोटर बरोबर न्या, कपलरच्या पिना, शाफ्टचे दाते आणि बोल्टांची भोकं जुळवा, दुकानातच बॅटरी लावून दोन्ही वेग पाहा. पार्कची वायर जोडून, वीज काढल्यावर शाफ्ट दरवेळी एकाच जागी थांबतो का तेही तिथेच बघून घ्या. दुकानदार वैतागेल, पण एकदा विकलेली मोटर तो परत घेणार नाही.